विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या किडनीला सूज: पुढे नेमकं काय करायचं?

पाऊसवेळ
नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

एकविसावा आठवडा संपत आलाय. मागच्या आठवड्यात अ‍ॅनॉमली स्कॅन झालं. मेंदू, हृदय, मणका, हातपाय सगळं ठीक. शेवटी एक ओळ होती: डाव्या किडनीचं पेल्व्हिस ६.२ मिमी, उजवं ३ मिमी, मूत्राशय आणि गर्भजल नॉर्मल. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही, ३२व्या आठवड्यात परत बघू. घरी आल्यावर ओळखीतल्या एका डॉक्टरांना रिपोर्ट पाठवला. ते म्हणाले, हे डाऊन सिंड्रोमचं लक्षणही असू शकतं. त्या रात्रीपासून झोप उडालीय.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. ६.२ म्हणजे किती जास्त? मधल्या अकरा आठवड्यांत मी काही करू शकते का? आणि बाळ झाल्यावर लगेच काय काय करावं लागतं? ज्यांच्या मुलांना असं काही निघालं होतं त्यांनी लिहावं. वाईट अनुभव असतील तर तेही लिहा. अर्धवट कळण्यापेक्षा ते परवडेल.

गवतफूल
माझ्या मुलीच्या दोन्ही किडन्यांना ५ मिमी होतं. ३२व्या आठवड्यात काहीच नव्हतं. जन्मानंतर एक सोनोग्राफी झाली, तीही नॉर्मल. आता ती दुसरीत आहे. मी मधले तीन महिने रडून काढले, तू नको काढूस.

आजोळ
वाचतेय. माझ्या वहिनीच्या रिपोर्टमध्येही अशीच ओळ आहे.

करडी छटा
मी चौदा वर्षं गर्भवतींच्या सोनोग्राफी करतेय, म्हणून पहिल्या प्रश्नापासून जरा सविस्तर लिहिते.

किडनीत तयार झालेली लघवी आधी किडनीच्या मधल्या पिशवीत जमते. ती पिशवी म्हणजे पेल्व्हिस. तिथून मूत्रवाहिनीतून खाली मूत्राशयात. या पिशवीची पुढून मागे रुंदी आम्ही मोजतो. २८ आठवड्यांच्या आधी ती ४ मिमीपेक्षा कमी असावी आणि त्यानंतर ७ मिमीपेक्षा कमी, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे तुमचं माप वर आहे, पण सौम्य गटातलं. २०१४ साली किडनी, मूत्ररोग, रेडिओलॉजी अशा वेगवेगळ्या शाखांच्या तज्ज्ञांनी मिळून यूटीडी नावाची वर्गवारी केली. तिच्यात १६ ते २७ आठवड्यांदरम्यान ४ ते ७ मिमीच्या आतलं माप, आणि बाकी सगळं ठीक, याला ए-१ म्हणतात. हा सगळ्यात कमी काळजीचा गट. शंभर गर्भारपणांतल्या एक ते पाचांमध्ये अशी सूज दिसते, त्यामुळे माझ्या खोलीत असा रिपोर्ट दर आठवड्याला निघतो.

मात्र तुमच्या रिपोर्टमधली सगळ्यात मोलाची माहिती मिलिमीटरमध्ये नाही, पुढच्या चार शब्दांत आहे: "मूत्राशय आणि गर्भजल नॉर्मल". साधारण सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच असते. पाणी पुरेसं आहे म्हणजे लघवी तयार होतेय आणि बाहेरही पडतेय. आम्ही मापासोबत बघतो ते असं: सूज एका बाजूला की दोन्ही, पेल्व्हिसला जोडलेल्या छोट्या वाट्या फुगल्यात का, किडनीचा गर जाड आणि नीट आहे की पातळ आणि पांढुरका दिसतोय, त्यात गाठी आहेत का, मूत्रवाहिनी दिसतेय का (निरोगी असेल तर ती सहसा दिसत नाही), मूत्राशयाची भिंत जाड आहे का. हे सगळं ठीक असताना एकटं ६.२ माझी झोप उडवत नाही.

डाऊन सिंड्रोमबद्दल: हे दुय्यम लक्षण आहे. बाकी एकही खूण नसेल आणि तुमची पहिल्या तिमाहीतली तपासणी किंवा रक्तातून होणारी डीएनए चाचणी कमी धोक्याची आली असेल, तर या एका मापामुळे धोका फारसा वाढत नाही. तो रिपोर्ट शोधा आणि तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांसमोर दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारा.

आणि हो, मधल्या काळात तुम्ही करण्यासारखं काही नाही. तुमच्या खाण्यापिण्यामुळे किंवा चालण्यामुळे हे झालेलं नाही.

पाऊसवेळ
करडी छटा, दोनदा वाचलं. पहिल्या तिमाहीतली चाचणी कमी धोक्याची होती, तो कागद सापडला. शेवटचं वाक्य नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

उंबरठा
सौम्य सूज बहुतेकदा जाते हे खरं आहे, आणि तुमचंही जावं. पण या धाग्यावर "काही होत नाही" एवढंच राहू नये म्हणून आमचं लिहितो.

आमच्या मुलाच्या वेळी २७व्या आठवड्यात दोन्ही किडन्या फुगलेल्या, मूत्राशय मोठं, त्याची भिंत जाड आणि त्याच्या खाली मूत्रमार्गाचा वरचा भागही फुगलेला. पडद्यावर ते कुलपाच्या भोकासारखं दिसतं. पाणी कमी होत चाललेलं. निदान होतं पोस्टेरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह, म्हणजे मूत्रमार्गात पातळ पडदा, लघवीची वाट अडवणारा. हे मुलग्यांमध्येच होतं, साधारण पाच ते आठ हजार मुलग्यांत एखाद्याला.

तेव्हा आम्हाला वाटायचं, प्रश्न किडनीचा आहे. डॉक्टरांनी समजावलं की पहिला प्रश्न फुप्फुसांचा असतो. गर्भजल फार कमी झालं तर फुप्फुसं वाढत नाहीत. आमच्या नशिबाने पाणी पूर्ण आटलं नाही. प्रसूती अशा ठिकाणी ठरवली जिथे नवजात अतिदक्षता विभाग आणि बालमूत्ररोग शल्यचिकित्सक एकाच छताखाली होते. हा निर्णय आम्ही आठव्या महिन्यात घेतला, कळा सुरू झाल्यावर नाही. इतर कोणाला दोन्ही बाजूंची सूज किंवा पाणी कमी असं सांगितलं असेल, तर त्यांनी हे आधीच ठरवावं.

जन्माला आल्या आल्या मूत्राशयात नळी, म्हणजे कॅथेटर. क्रिएटिनिन रोज (रक्तातला टाकाऊ घटक, किडनी किती काम करतेय ते त्यावरून कळतं). पहिले काही दिवस बाळाच्या रक्तात आईचंच क्रिएटिनिन असतं, त्यामुळे पहिल्या आकड्यावरून काही ठरत नाही, हेही तिथेच कळलं. नवव्या दिवशी दुर्बिणीतून तो पडदा कापला. त्यानंतर दोन दिवस धो धो लघवी. क्षार आणि पाणी सांभाळण्यासाठी परिचारिका दर तासाला मोजमाप लिहीत होत्या.

आता तो अकरा वर्षांचा आहे. पहिल्या वर्षातलं त्याचं सगळ्यात कमी क्रिएटिनिन ०.६ होतं. तो आकडा ०.८च्या आत असेल तर पुढची वाट बरी असते म्हणतात, आणि आत्तापर्यंत तशीच आहे. पण पडदा कापला म्हणजे गोष्ट संपली असं नाही. पोटात असताना महिनोन्महिने जोर लावून मूत्राशय ताठर झालंय. घड्याळ लावून दर अडीच तासांनी शूला जायचं, एकदा झाल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा जायचं. शाळेतल्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो की त्याला थांबवू नका.

मोरपीस
उंबरठा, वाचून अंगावर काटा आला. तुमच्या मुलाला खूप खूप शुभेच्छा. एक प्रश्न: पोटात असतानाच यावर काही करता येत नाही का? कुठेतरी वाचलं होतं.

धावदोरा
मी लहान मुलांचा शल्यचिकित्सक, याच अवयवांवर काम करतो.

करता येतं, पण मर्यादित. १९८१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मायकल हॅरिसन यांच्या चमूने अशाच अडलेल्या मूत्रमार्गासाठी गर्भावर शस्त्रक्रिया केली होती, तिथून हे क्षेत्र सुरू झालं. आज सहसा बाळाच्या मूत्राशयातून गर्भजलात उघडणारी बारीक नळी बसवतात. ब्रिटनच्या पुढाकाराने प्लूटो नावाचा एक तौलनिक अभ्यास झाला, २०१३मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ३१ स्त्रियाच सहभागी झाल्यामुळे तो मध्येच थांबवावा लागला. नळी बसवलेल्या बाळांपैकी जास्त बाळं जगली असावीत असा कल दिसला, पण जगलेल्यांतही किडन्या पूर्ण चांगल्या असलेली मुलं फार थोडी होती. थोडक्यात, पाणी टिकवून फुप्फुसं वाचवता येतील, पण आधीच बिघडत गेलेली किडनी परत घडवता येत नाही. किडनीतले गाळणीचे कण, म्हणजे नेफ्रॉन, साधारण ३६व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात. नंतर नवे होत नाहीत.

धागाकर्तीच्या बाळाचा याच्याशी संबंध नाही. एका बाजूची सूज आणि नॉर्मल मूत्राशय ही वेगळी गोष्ट आहे.

रातराणी
पाऊसवेळ, तुझ्या तिसऱ्या प्रश्नाला आमची गोष्ट जास्त जवळची आहे, म्हणून लिहिते.

मुलीची डावी किडनी. २०व्या आठवड्यात ९ मिमी, ३६व्यात २२. जन्म अगदी साधा, वजन छान. दुसऱ्या दिवशी घरी सोडण्याआधी सोनोग्राफी केली तर माप १० आलं! आम्ही पेढे वाटायच्या बेतात. बालरोगतज्ज्ञ आले आणि म्हणाले, हे माप मी धरत नाही. पहिल्या दोन दिवसांत बाळाच्या अंगात पाणी कमी असतं, लघवी थोडी होते, त्यामुळे पेल्व्हिस रिकामं दिसतं. सातव्या दिवशी परत केली, २१. सहाव्या आठवड्यात २४.

मग आयसोटोप स्कॅन. शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देतात, मध्येच लघवी वाढवणारं इंजेक्शन देतात आणि कॅमेऱ्याखाली बघतात की प्रत्येक किडनी किती काम करतेय आणि रिकामी किती वेळात होतेय. तान्ह्या बाळाची किडनी अपरिपक्व असते म्हणून चार ते सहा आठवड्यांआधी हे करत नाहीत. सव्वा महिन्याच्या पोरीला अर्धा तास निश्चल ठेवायचं! पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून नेलं, ती ढाराढूर झोपली आणि मीच थरथरत होते. डावीचा वाटा ३६ टक्के निघाला. दोन्हींचा मिळून शंभर धरला तर प्रत्येकीचा ४५ ते ५५ अपेक्षित असतो.

पेल्व्हिस आणि मूत्रवाहिनी जिथे जुळतात ती जागा अरुंद होती. साडेचार महिन्यांची असताना पायलोप्लास्टी झाली: अरुंद तुकडा काढून दोन्ही टोकं जोडतात. आत डीजे स्टेंट नावाची नळी, दीड महिन्याने काढली. आणि हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं: ऑपरेशननंतर पहिल्या सोनोग्राफीत सूज जवळजवळ तशीच होती. मी कोलमडले. ताणून सैल झालेली पिशवी आकसायला महिने लागतात. वर्षानंतरच्या स्कॅनमध्ये वाटा ४१ टक्के आणि निचरा व्यवस्थित. आता पाच वर्षांची आहे, पाठीवर छोटीशी रेघ, विचारलं की सांगते, "इथे माझा पाइप दुरुस्त केलाय."

धावदोरा
रातराणीने लिहिलेलं तंतोतंत. थोडी भर: अशा अडथळ्यांपैकी बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. वाटा ४०च्या खाली असेल, पाहता पाहता घसरत असेल, सूज वाढत जात असेल किंवा त्रास होत असेल, तर करतो. नाहीतर लक्ष ठेवतो. १९४९मध्ये अँडरसन आणि हाइन्स यांनी वर्णन केलेली पद्धत आजही वापरात आहे, उघडी असो वा दुर्बिणीतून, आणि दहातल्या नऊहून जास्त मुलांत ती यशस्वी होते.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी नको, याला अपवाद आहेत. दोन्ही बाजूंची मोठी सूज, एकच किडनी, कमी गर्भजल किंवा मूत्रमार्गाच्या पडद्याचा संशय असेल तर ४८ तास थांबायचं नाही.

तिन्हीसांज
प्रतिजैविकाबद्दल कोणी लिहिलं नाही. आमच्याकडे सूज निघाली मूत्राशयातून लघवी उलटी वर जात असल्यामुळे. रिफ्लक्स, चौथी पायरी (पाच पायऱ्या असतात). कॅथेटर घालून रंगद्रव भरून एक्स-रे काढतात, त्यात कळलं. मुलाला चौदा महिने रोज रात्री औषधाचा छोटा डोस दिला. एकदाही जंतुसंसर्ग झाला नाही. माझं मत: ज्यांना ज्यांना सूज आहे त्यांनी जन्मापासून द्यावं.

मोरपीस
तिन्हीसांज, इथे मी असहमत. माझ्या भाच्याला ८ मिमीच्या सुजेसाठी वर्षभर औषध चालू होतं. पोट सतत बिघडलेलं. दुसऱ्या डॉक्टरांनी बंद केलं, काही झालं नाही. प्रत्येक बाळाला महिनोन्महिने प्रतिजैविक देणं हे मला पटत नाही. जंतू त्या औषधाला सरावतात त्याचं काय?

तिन्हीसांज
८ मिमी आणि चौथ्या पायरीचा रिफ्लक्स एक नाही ना पण. एकदा किडनीपर्यंत संसर्ग पोचला की व्रण कायमचा राहतो. मी तो धोका घेतला नसता.

धावदोरा
दोघींच्याही बोलण्यात तथ्य आहे, कारण दोघींची बाळं वेगळ्या गटातली आहेत.

अमेरिकेत रिफ्लक्स असलेल्या ६०७ मुलांवर रिव्हर नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१४मध्ये आला. रोजच्या औषधाने पुन्हा संसर्ग होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पण किडनीवरचे व्रण दोन्ही गटांत सारखेच. आणि औषध घेणाऱ्यांना संसर्ग झाला तर तो त्या औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंचा असण्याची शक्यता जास्त. म्हणून मी सौम्य, एका बाजूच्या सुजेला औषध देत नाही. मोठी सूज, फुगलेली मूत्रवाहिनी, वरच्या पायऱ्यांचा रिफ्लक्स, मूत्रमार्गातला पडदा यांना देतो, आणि पहिल्या वर्षात जास्त ठामपणे. कॅथेटरचा एक्स-रेही सगळ्यांना करत नाही. ती तपासणी बाळाला त्रासाची आहे, तिच्यातून निर्णय बदलणार असेल तरच.

मोरपीस, भाच्याचं बद्धकोष्ठ असेल तर तेही सांभाळायला सांगा. मोठ्या मुलांत बद्धकोष्ठ आणि शू रोखून धरण्याची सवय यांतून जितके संसर्ग होतात तितकं लक्ष त्यांच्याकडे दिलं जात नाही.

आजोळ
एक भाबडा प्रश्न: तान्ह्या बाळाची लघवी तपासायला घेतात कशी? वहिनीने विचारलंय.

दुसरी पाळी
मी बालरुग्ण विभागात परिचारिका. हा प्रश्न भाबडा नाही, निम्मी चुकीची निदानं इथेच होतात असं मला रोज वाटतं.

चिकटवायची पिशवी मिळते, पण तिच्यात कातडीवरचे जंतू उतरतात. पिशवीतली लघवी स्वच्छ निघाली तर संसर्ग नाही असं बऱ्यापैकी म्हणता येतं. जंतू निघाले तर त्यावर विश्वास ठेवून औषध सुरू करू नये. कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, नमुना कॅथेटरने घ्यावा, किंवा स्वच्छ पुसून मधली धार भांड्यात धरावी. धार धरायची युक्ती: पाजून झाल्यावर अर्ध्या तासाने बाळाला उघडं ठेवा, गार पाण्यात भिजवलेल्या कापसाने ओटीपोटावर हलके गोल गोल चोळा. बरीच बाळं पाच मिनिटांत करतात. एकदा आम्ही तिघी आणि एक डॉक्टर भांडं धरून उभ्या, महाशय सगळ्यांकडे बघून हसत होते. डॉक्टर फोन घ्यायला वळले आणि त्याने बरोबर त्यांच्या पाठीवर नेम धरला.

किडनीला सूज असलेल्या बाळाला ३८ सेल्सिअसच्या वर ताप आला आणि सर्दी-खोकल्यासारखं कारण दिसत नसेल तर "दात येत असतील" म्हणून थांबू नका. आधी लघवीचा नमुना, मग प्रतिजैविक. उलट क्रम केलात तर कल्चरमध्ये काही सापडत नाही.

गवतफूल
नेम धरला!! पण युक्ती खरंच उपयोगी आहे, लिहून ठेवली.

काजवा
थोडं अवांतर, पण या विषयाचं पुढचं टोक म्हणून. मी ४१ वर्षांची, जन्मापासून एकच किडनी. माझ्या वेळी पोटातल्या सोनोग्राफ्या अशा होत नव्हत्या. चोविसाव्या वर्षी पोटदुखीसाठी तपासलं तेव्हा कळलं की उजवी नाहीच. साधारण हजारात एकाला असं असतं. असलेली किडनी वाढून मोठी होते आणि दोघींचं काम करते.

मी दोन मुलं जन्माला घातली, डोंगर चढते. वर्षातून एकदा रक्तदाब, लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन. वेदनाशामक गोळ्या मनाने घेत नाही. ज्यांच्या मुलींना एक किडनी आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट आवर्जून: वयात येताना गर्भाशयाची सोनोग्राफी करून घ्या. गर्भात किडनी आणि गर्भाशय यांची घडण शेजारी शेजारी होते, त्यामुळे एकीत फरक असेल तर दुसरीतही असू शकतो. माझं गर्भाशय एकाच शिंगाचं, म्हणजे एकाच बाजूचं घडलेलं आहे, हे पहिल्या गर्भारपणात कळलं. आधी माहीत असतं तर ते गर्भारपण कमी धास्तीत गेलं असतं.

आजोळ
काजवाताई, वहिनीच्या रिपोर्टमध्ये पुढे असंही आहे की एका किडनीत द्राक्षाच्या घडासारख्या गाठी आहेत. मी आधी लिहिलं नव्हतं. ती कामच करत नाही म्हणतात. काढून टाकावी लागते का?

करडी छटा
मल्टिसिस्टिक डिस्प्लास्टिक किडनी म्हणत असतील. पूर्वी काढत, आता सहसा नाही. बहुतेक वेळा ती काही वर्षांत आपोआप आकसत जाते. लक्ष द्यायचं ते दुसऱ्या बाजूच्या किडनीकडे, कारण सगळा भार तिच्यावर आणि तिच्यातही कधी रिफ्लक्स किंवा अरुंद जागा असू शकते. ती चांगली असेल तर काजवासारखंच आयुष्य. वहिनींना नवा धागा काढायला सांगा, इथे हरवून जाईल.

वाटसरू
चार दिवस विचार करून लिहितोय.

आमच्या मुलाला रातराणीच्या मुलीसारखीच सूज होती, डावीकडे, १४ मिमी. पहिल्या वर्षात तीन सोनोग्राफ्या, स्कॅनमध्ये वाटा ४६ टक्के. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, लक्ष ठेवू. आम्ही ऐकलं ते फक्त "ऑपरेशन नको". मग घर बदललं, माझी नोकरी बदलली, मुलगा गुटगुटीत, पळतोय, खेळतोय. तीन वर्षं, चार वर्षं. कोणी फोन केला नाही, आम्हीही गेलो नाही. फाइलवर पुढची तारीख लिहिलेली नव्हती, आणि आम्ही मागितलीही नव्हती.

सहाव्या वर्षी अधूनमधून पोट दुखायचं, उलट्या व्हायच्या, दुसऱ्या दिवशी ठणठणीत. अपचन म्हणून दोन डॉक्टरांकडे औषधं घेतली. तिसऱ्यांनी सोनोग्राफी केली. डावी किडनी म्हणजे पाण्याचा फुगा. वाटा ७ टक्के. ती काढावी लागली. उजवी उत्तम आहे, मुलगा छान आहे, तो कोणावर रागावलेला नाही. मी अजून ती फाइल उघडू शकत नाही.

पाऊसवेळ, तुमच्या बाळाची सूज जाईलच बहुधा. पण प्रत्येक भेटीत उठण्याआधी विचारा: पुढची तारीख कोणती, आणि त्या दिवशी काय बघणार? "लक्ष ठेवू" याला तारखेशिवाय काही अर्थ नसतो.

रातराणी
वाटसरू, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. पोटदुखी, उलटी आणि मग ठणठणीत, हे मीही आता लक्षात ठेवीन.

उंबरठा
+१. आम्ही पहिल्या पानापासूनचे सगळे आकडे एका वहीत लिहितो: तारीख, माप, वाटा, क्रिएटिनिन, रक्तदाब, उंची, वजन. डॉक्टर बदलले तरी वही बदलत नाही. मुलगा आता स्वतः लिहितो.

तिन्हीसांज
धावदोरा, दुसऱ्या मुलाच्या वेळी तपासावं का? रिफ्लक्स भावंडांत येतो म्हणतात.

धावदोरा
साधारण चारातल्या एका भावंडात सापडतो, पण बऱ्याचदा खालच्या पायऱ्यांचा. सरसकट कॅथेटरची तपासणी नको. सोनोग्राफी करा आणि कारण नसलेला ताप आला तर लघवी तपासा.

पाऊसवेळ
अकरा आठवड्यांनी परत आलेय. ३२ आठवड्यांची सोनोग्राफी झाली. कमी होईल असं वाटत होतं, झालं नाही. डावीकडे ११ मिमी, मधल्या काही वाट्याही फुगलेल्या. उजवी ठीक, मूत्राशय ठीक, पाणी भरपूर. रिपोर्टवर ए-२-३ लिहिलंय, म्हणजे ए-१च्या वरचा, जास्त लक्ष ठेवायचा गट. गाडीत रडले, घरी येऊन हा धागा पहिल्यापासून वाचला. प्रसूती ठरलेल्या ठिकाणीच होईल, पण बाळ झाल्यावर भेटायला बालमूत्ररोग शल्यचिकित्सकांची वेळ आत्ताच घेऊन ठेवलीय. उंबरठा, वही आणली. पहिल्या दोन ओळी भरल्या.

करडी छटा
मापाबरोबर बाळही वाढलंय हे विसरू नका. तिसऱ्या तिमाहीत ९ ते १५ हा मधला गट. यातल्या साधारण निम्म्या बाळांत पुढे काहीतरी कारण सापडतं, निम्म्यांत सापडत नाही. सापडलं तरी ते बहुतेकदा लक्ष ठेवण्याजोगंच. पाणी भरपूर आहे हे परत वाचा.

काजवा
पाऊसवेळ, तुझ्यासाठी रोज आठवण काढतेय.

पाऊसवेळ
मुलगी झाली! आज आठ आठवड्यांची आहे, म्हणून उशिरा लिहितेय.

दुसऱ्या दिवशी एका डॉक्टरांनी सोनोग्राफी करून मोकळं होऊ म्हटलं. मी रातराणीचं आठवून विचारलं की पाचव्या दिवशी केली तर चालेल का. ते लगेच हो म्हणाले. पाचव्या दिवशी १० मिमी, सहाव्या आठवड्यात १२. बाहेरच्या वाट्या फुगलेल्या नाहीत, गर जाड, मूत्रवाहिनी दिसत नाही. पी-१ गट, जन्मानंतरच्या वर्गवारीतला सौम्य. प्रतिजैविक नाही, कॅथेटरची तपासणी नाही, आयसोटोप स्कॅन आत्ता नाही. माप वाढलं तरच. ताप आला तर काय करायचं ते वहीच्या मागच्या पानावर दुसरी पाळी यांच्या शब्दांत लिहून ठेवलंय, आजीलाही वाचून दाखवलंय.

सोनोग्राफीच्या टेबलावर तिने दोनदा शू केली. त्या डॉक्टर म्हणाल्या, ही मला सगळ्यात आवडणारी तपासणी.

वाटसरू
मनापासून अभिनंदन. पुढची तारीख?

पाऊसवेळ
विचारूनच उठले. पुढच्या महिन्याची १७, सकाळी दहा. पेल्व्हिसचं माप आणि गराची जाडी बघणार आहेत.

वाटसरू
१७. मीही लिहून ठेवली. १६ला रात्री इथे आठवण करतो.